चीज कोळंबीला चालेल, बोंबलाला नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे 'चीज भरलेले बोंबील' अशी रेसिपी आली आणि तेव्हापासून वाचकांच्या पत्रांमध्ये जी जुंपलीय ती मी रोज सकाळी चहासोबत वाचतेय. एका गृहस्थांनी लिहिलं, दूध आणि मासे एकत्र म्हणजे विष, अंगावर कोड फुटतं, पूर्वजांनी उगाच नाही सांगितलं. दुसऱ्यांनी इटलीचा दाखला दिला की तिकडे मासळीच्या पास्त्यावर चीज मागितलं तर वेटर डोळे वटारतो, मग आपण कोण लागून गेलो. आणि एका मुलीने दोन ओळींत सगळ्यांना निकालात काढलं, ज्याला जे आवडतं ते खाऊ द्या ना, तुम्हाला काय त्रास. मी वसईची, मासळीच्या वासात लहानाची मोठी झालेली, म्हटलं आता आपणही चार शब्द लिहावेत, कारण इतकी पत्रं आली पण त्या बिचाऱ्या बोंबलाच्या बाजूने एकही आलं नाही.

आधी कोडाचं संपवते. लहानपणी मासे खाल्ल्यावर दूध मागितलं की आजी हात मारायची, ते सगळ्यांच्याच घरात होतं. पण कोड हा शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटल्यामुळे होतो असं त्वचेचे डॉक्टर सांगतात, त्याचा ताटातल्या जोडीशी संबंध नाही. आणि ज्यांना कोड आहे त्यांना आधीच लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात, त्यात 'काय खाल्लं होतंस गं' हा प्रश्न कशाला. गोव्यात पोर्तुगीज 1510 ते 1961 राहिले, वसईतही 1534 ते 1739, त्यांच्याकडून आलेले रिसोइस गोव्यात आजही लग्नाकार्यात असतात, अर्धचंद्रासारखे, आत कोळंबी आणि दुधातला पांढरा सॉस, बऱ्याच घरांत वरून चीजपण घालतात. बंगाली माणूस दोई माछ म्हणून दह्यात रोहू शिजवतो. तुमच्या-आमच्या हॉटेलातला तंदूरी पापलेट दह्यात नाहीतर क्रीममध्ये मुरवलेला असतो तेव्हा कोणाला पूर्वज आठवत नाहीत. चीज दिसलं की आठवतात.

आणि पूर्वजांचंच काढायचं तर नीट काढूया. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा 26 वा अध्याय आहे, आत्रेयभद्रकाप्यीय नावाचा, त्यात हा वाद अक्षरशः मांडलेला आहे. आत्रेय म्हणतात मासे दुधाबरोबर खाऊ नयेत, दोन्ही गोड, पण दूध शीत आणि मासा उष्ण, म्हणून वीर्य, म्हणजे आयुर्वेदात पदार्थाचा अंगावर होणारा थंड-गरम परिणाम, एकमेकांच्या विरुद्ध. त्यावर भद्रकाप्य म्हणतात, सगळे मासे दुधाबरोबर चालतात, फक्त एक चिलिचिम नको. मग त्या चिलिचिमाचं वर्णनही येतं, खवल्यांचा, लाल डोळ्यांचा, अंगावर लाल रेघा, रोहूसारखा दिसणारा आणि बहुतेक जमिनीवर फिरणारा! शेवटी आत्रेयांनी भद्रकाप्यांचं म्हणणं खोडलं आणि सगळेच मासे वर्ज्य धरले ते खरं, पण ऋषींच्या सभेतसुद्धा ह्या विषयावर एकमत नव्हतं हे मला वाचून फार बरं वाटलं, म्हणजे तुमच्या पत्रव्यवहाराला चांगली जुनी परंपरा आहे. बाकी ज्याला आयुर्वेद पाळायचाय त्याने जरूर पाळावा, माझं काहीच म्हणणं नाही, फक्त कोडाची भीती घालू नका.

ज्यू लोकांतही हेच आहे बघा. त्यांचे सोळाव्या शतकातले मोठे धर्मपंडित योसेफ कारो यांनी मासे आणि दूध एकत्र खाण्यात धोका आहे असं लिहून ठेवलं, मग नंतरच्या पंडितांनी म्हटलं की हे चुकून लिहिलं गेलं असणार, त्यांना मांस आणि दूध म्हणायचं असेल. काही समाज अजून पाळतात, आणि तिकडे न्यूयॉर्कचे ज्यू बेगल नावाच्या गोल पावावर क्रीम चीज थापून वर खारवलेला सामन मासा ठेवून नाश्ता करतात. आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायली लोकांनी ही भानगडच ठेवली नाही, त्यांचं सगळं नारळाच्या दुधात.

आता इटली. हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. युरोप टूरला गेलो होतो तेव्हा व्हेनिसमध्ये आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी शिंपल्यांच्या स्पॅगेटीवर चीज मागितलं, वेटरने मान हलवली, काकांनी परत मागितलं, वेटरने परत मान हलवली आणि निघूनच गेला. काकांनी मग शांतपणे बॅगेतून लसणाची सुकी चटणी काढून वर भुरभुरली, ती त्या वेटरने पाहिली नाही हे बरं झालं. पण म्हणून इटलीत सगळीकडे हाच नियम आहे असं समजू नका. खाली बारी शहराकडे भात, बटाटे आणि काळे शिंपले थरावर थर लावून भट्टीत भाजतात आणि मध्ये मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज किसून घालतात, ती त्यांची पिढ्यान्पिढ्यांची डिश आहे. रोममध्ये झुकिनीच्या फुलात मोझरेला चीज आणि अँकोव्ही ही खारवलेली छोटी मासळी भरून तळतात, आपण भोपळ्याच्या फुलांची भजी करतो तशीच. सिसिलीत तलवार माशाच्या चकत्यांच्या गुंडाळ्या करतात त्यातही चीज असतं. म्हणजे नियम करणारेही तेच आणि मोडणारेही तेच.

बाकी जगाचं तर विचारूच नका. ग्रीसमध्ये कोळंबी टोमॅटोच्या रश्श्यात शिजवून वर फेटा चीज चुरडतात, ते त्यांचं लाडकं खाणं. चिलीमध्ये शिंपल्यांवर पार्मेसान घालून भट्टीत लावतात. फ्रेंचांचा लॉब्स्टर थर्मिडॉर तर आपल्या मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूवरही असतो. आणि अमेरिकेत 1962 साली सिनसिनाटीच्या एका मॅकडोनाल्डवाल्याने, लू ग्रोन त्याचं नाव, फिले-ओ-फिश हा माशाचा बर्गर काढला, कारण त्याच्या भागात कॅथलिक वस्ती जास्त, शुक्रवारी मांस खात नाहीत, धंदा बसायचा. त्यावर आजही चीजची अर्धीच स्लाइस असते, पूर्ण नाही, हे कधी उघडून बघितलंत तर दिसेल.

तर मग ते कुठे जमतं आणि कुठे नाही? मला जे दिसतं ते असं की चीज बहुतेक वेळा कवचातल्या जीवांवर पडतं, कोळंबी, शिंपले, खेकडा, लॉब्स्टर, म्हणजे ज्यांचं मांस घट्ट आणि अंगचं गोडसर असतं, चावताना दाताला लागतं, चीजखाली ते मरत नाही. नाहीतर पडतं खारवलेल्या मासळीवर, तिची चव इतकी जोरकस की चीजच तिच्यापुढे बिचकतं. फ्रेंच लोक साध्या पांढऱ्या माशावरही चीजचा सॉस घालतात, मान्य, पण त्यांचा तो मासा आधी अगदी फिका, नुसत्या मिठात शिजवलेला असतो, त्याला सॉस लागतोच. आपला मासा तव्यावर जातो तेव्हाच त्याला हळद, मिरचीपूड, आलं-लसूण, आगळ नाहीतर चिंचेचा कोळ असं सगळं लागलेलं असतं, वर रव्याचा कुरकुरीतपणा. त्याच्यावर चीज म्हणजे लग्नात नवरीला दुसरा शालू नेसवण्यासारखं आहे, पहिला पण दिसत नाही आणि चालता पण येत नाही.

आता बोंबील. ज्याने ती रेसिपी लिहिली त्याने बोंबील कधी स्वतः साफ केलाय की नाही मला शंका आहे. ओल्या बोंबलात पाणीच पाणी असतं, हातात धरला तर लोंबतो, म्हणून तर त्याला आधी पोटातून चिरून, मधला काटा ओढून, पुस्तकासारखा उघडून पसरतात, दोन फडक्यांच्या मध्ये ठेवतात आणि वर पाटा, पाट्यावर वरवंटा. तास-दीड तासाने फडकं उचललं की ते ओलंचिंब झालेलं असतं आणि बोंबील चपटा, जरा अंग धरलेला. मग मसाला, मग तांदळाचं पीठ आणि रवा, आणि सढळ तेलात मंद आचेवर, एकदाच उलटायचा, सारखा सारखा उलटलात तर तुकडे. हे सगळं कशासाठी करायचं तर बाहेरून पापडासारखा आणि आतून लोण्यासारखा व्हावा म्हणून. सगळी मजा त्या दोन गोष्टींमधल्या फरकात आहे. तुम्ही आत चीज भरलंत की आत दोन मऊ गोष्टी एकमेकांत कालवल्या जातात, चीज वितळून कडेने बाहेर येतं, तव्याला लागून करपतं, वरचा रवा सुटतो, आणि शेवटी जे ताटात येतं त्याची चव चीज टोस्टची असते. बोंबील कुठे गेला? तास-दीड तास वरवंट्याखाली ठेवून पाणी काढलं ते काय आत चीजचं पाणी घालायला?

आमची नेहमीची कोळीण मावशी, पाचूबंदरची, तिला मी ही रेसिपी वाचून दाखवली. ती टोपलीतून वर न बघताच म्हणाली, 'बाय, ज्याला बोंबील नको असंल त्यानं पनीर खावं.' मी हे पत्र लिहायचं खरं तर तिथेच ठरवलं.

माझा विरोध चीजला नाही हे परत सांगते, कारण पत्र छापून आल्यावर लोक मला जुनाट म्हणतील. आमच्या सूनबाईने मध्ये कोळंबीचं एक केलं होतं, तेलात भरपूर लसूण, पिकलेले टोमॅटो पार गळेपर्यंत, थोडी काश्मिरी मिरची, कोळंबी टाकून जेमतेम तीन-चार मिनिटं, गॅस बंद केला आणि मग चीजचा एकच क्यूब किसून वर, झाकण. पावाबरोबर आम्ही कढई पुसून खाल्ली. मीठ मात्र तिने जवळजवळ घातलंच नव्हतं, कारण कोळंबी खारी आणि प्रोसेस्ड चीज त्याहून खारं, इथे बऱ्याच जणांचं चुकतं. आणि दुसरं तिने केलं ते तर मी कोणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. सुका जवळा तव्यावर भाजून, कांदा, लसूण, लाल मिरची घालून चटणी करतो ना आपण, ती ब्रेडला लावून वर चीज आणि टोस्टरमध्ये. घरभर वास सुटला, शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली, पण चव विचारू नका. ह्याला कारण पण आहे. जपानमध्ये इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी 1908 साली समुद्री शेवाळातून ग्लुटामेट नावाचं चव आणणारं द्रव्य वेगळं काढलं, मग 1913 मध्ये त्यांच्या शिष्याने सुकवलेल्या बोनिटो माशातून इनोसिनेट हे तसंच दुसरं द्रव्य शोधलं, आणि पुढे कळलं की दोन्ही एकत्र आले की चव नुसती दुप्पट नाही, त्याच्या कितीतरी पट वाढते. मुरवलेल्या चीजमध्ये पहिलं खच्चून असतं, सुक्या मासळीत दुसऱ्या जातीचं. म्हणजे जवळा आणि चीज ही जोडी जमली ती उगाच नाही. जाता जाता, आपली मांदेलीसुद्धा अँकोव्हीच्याच खानदानातली आहे, फक्त तिला पिझ्झ्यावर जायची संधी मिळाली नाही, आणि ताजी मांदेली कुरकुरीत तळलेली असताना तिला ती मिळूही नये.

मग माझी तक्रार काय? तक्रार ही की किनाऱ्यावरच्या हॉटेलांत चीज आता चवीसाठी पडत नाहीये, झाकायला पडतंय. शनिवार-रविवारी आमच्याकडे गाड्या भरून लोक येतात, मी पण पाहुणे आले की घेऊन जाते. मेन्यूकार्ड बघा, चीज सुरमई, चीज पापलेट, चीज बांगडा (बांगड्यावर चीज! ज्या माशाला स्वतःचंच इतकं तेल आहे त्याच्यावर!), आणि प्रत्येकाला साध्या फ्रायपेक्षा शंभर-सव्वाशे रुपये जास्त. मागच्या पावसाळ्यात एका ठिकाणी, नाव घेत नाही, पाहुण्यांच्या मुलांनी चीज सुरमई मागवली. वरचं पिवळं पांघरूण काट्याने बाजूला केलं तर खालचा तुकडा कोरडा, भुसभुशीत, धागे सुटणारा, फ्रीझरमध्ये महिनोन् महिने पडलेला मासा असा होतो हे आम्हाला सांगायला नको. चीजखाली मुलांना काहीच कळलं नाही, ती खूश. वेटरला विचारलं तर म्हणाला, मॅडम बंदी आहे, ताजा कुठून आणायचा. बरोबर आहे की त्याचं, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ती असायलाच हवी, मासे अंडी घालतात, त्यांना पण जगू द्या. 2023 साली पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं ते काही कौतुकाने नाही, तो कमी होत चाललाय म्हणून. पण मग बंदीत फ्रोझन आहे असं सरळ लिहा की. कोणी नाही म्हणत नाही. आम्ही त्या दिवसांत सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा खाऊनच मोठे झालो, वलांडीवर वाळवलेले बोंबील त्यासाठीच तर साठवायचे.

आणि फिश फिंगर, चीज फिश टिक्का वगैरे नावाखाली जो पांढरा मासा येतो तो बहुतेक वेळा बासा असतो, त्याला स्वतःची अशी चवच नाही. त्याच्यावर तुम्ही चीज घाला, चॉकलेट घाला, माझी काही हरकत नाही. फक्त नाव 'मालवणी स्पेशल' देऊ नका.

एक मुद्दा मात्र मला खरंच विचारात पाडतो, तो त्या मुलीच्या पत्रातून नाही, आमच्या घरातूनच येतो. नातू सात वर्षांचा, चीज नसेल तर मासा खात नाही. सूनबाई म्हणते आई, निदान खातोय ना, प्रोटीन जातंय ना पोटात. आधी मी पण गप्प बसले. पण चीज घातलं की मासा फिलेच लागतो, बिनकाट्याचा, कारण चीजमध्ये काटा सापडत नाही आणि घशात गेला तर पंचाईत. मग तो पोरगा काटा काढायला शिकणार कधी? जिभेने काटा वेगळा करणं, पापलेटची कड आधी की मधला भाग आधी, बांगड्याच्या डोक्यातलं काय खायचं, हे सगळं सात-आठव्या वर्षीच हाताला आणि जिभेला बसतं, नंतर नाही बसत. आमच्या बिल्डिंगमध्ये पंचविशीची कोळी मुलं आहेत ज्यांना काट्याची भीती वाटते! तेव्हा आमच्या घरात आता असं ठरलंय की कोळंबीवर चीज चालेल, ती पण कधीतरी, माशावर नाही. दोन रविवार रडारड झाली, तिसऱ्या रविवारी त्याने हलवा माशाचा तुकडा स्वतः सोडवून खाल्ला आणि काटे ताटाच्या कडेला ओळीने मांडून ठेवले. (सूनबाईने फोटो काढलाय, पण तुमच्या पेपरात नको.)

तर संपादक महोदय, त्या मुलीचं म्हणणं मला मान्य आहे, ज्याला जे आवडतं ते खाऊ द्या, पण काय खातोय ते तरी कळू द्या. हॉटेलांनी मेन्यूवर माशाचं नाव लिहावं, ताजा की फ्रोझन ते लिहावं, आणि वर जे पिवळं पडतं ते खरं चीज आहे का तेही. दुधातलं स्निग्ध काढून त्याजागी वनस्पती तेल घातलेला जो स्वस्त माल मिळतो त्याला नियमाप्रमाणे चीज म्हणून विकता येत नाही, पाकिटावर ॲनालॉग असं लिहावं लागतं, पण किचनमध्ये पाकीट फुटलं की गिऱ्हाइकाला काय कळणार. तुमचे वार्ताहर एवढं हिंडतात, एखाद्या शनिवारी अर्नाळ्यापासून अलिबागपर्यंतच्या हॉटेलांत जाऊन हे दोन-तीन प्रश्न विचारून या आणि काय उत्तरं मिळतात ती छापा. आणि पुरवणीवाल्यांना सांगा, जागा उरली तर जवळ्याच्या टोस्टची रेसिपी मी पाठवते, प्रमाणासकट.

आपली,
एक वाचक, वसई